डॅलसला जाण्याआधी: दवाखान्याचा खर्च, इन्शुरन्स आणि पुण्यातूनच उरकून जायची कामं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवऱ्याची कंपनीतर्फे एल-वन व्हिसावर पुण्याहून डॅलसला बदली झालीय. तो ऑक्टोबरात पुढे जाणार, तुम्ही आणि साडेचार वर्षांची लेक डिसेंबरात. लेकीला गारठ्यात दम लागतो, पंप चालू आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या, शुगर-बीपी दोन्ही, त्या उन्हाळ्यात चार महिने राहायला येणार. आणि विचारलंय की कंपनीचा इन्शुरन्स आहेच, मग वेगळे पैसे बाजूला ठेवायला लागतात का, आणि पुण्यातून काय काय करून निघायचं.

मी मूळची साताऱ्याची, गेली सोळा वर्षं डॅलसच्या बाजूलाच हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम करते. आधी मेडिकल कोडिंग करायचे, म्हणजे प्रत्येक उपचाराला बिलासाठीचा ठरलेला कोड लावायचा, आता पेशंट अकाउंट्सला आहे, म्हणजे बिल हातात पडल्यावर घाबरून फोन करणारी माणसं माझ्याच लाइनवर येतात. त्यात आपली मराठी, तेलुगू, गुजराती घरं खूप असतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, "पण आमच्याकडे तर इन्शुरन्स आहे ना." म्हणून उत्तर लांबलचक झालं तरी सगळं लिहिते, सावकाश वाचा, नवऱ्यालाही वाचायला द्या.

आपल्याकडे इन्शुरन्स आहे म्हटलं की कॅशलेस असंच डोक्यात येतं, ॲडमिट झालो की टीपीएचा फॉर्म भरायचा आणि डिस्चार्जला थोडेफार वरचे पैसे द्यायचे. अमेरिकेतला इन्शुरन्स तसा चालत नाही. तिथे वर्षाचा पहिला काही खर्च तुमचा, मधला खर्च तुमचा आणि इन्शुरन्स कंपनीचा वाटून, आणि एका रेषेच्या वर गेलं की मग सगळा इन्शुरन्स कंपनीचा. या तीन पायऱ्या डोक्यात पक्क्या बसल्या की अर्धी भीती जाते.

उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या प्लॅनचे वेगळे असतील. समजा घराचा हप्ता महिन्याला ४५० डॉलर, पगारातून कापला जातो. डिडक्टिबल माणशी १,५०० आणि घराचं मिळून ३,०००, म्हणजे एवढे पहिले पैसे आपण द्यायचे. पुढे कोइन्शुरन्स २० टक्के, म्हणजे शंभरातले वीस आपले. आणि घराचं आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम ९,०००, म्हणजे नेटवर्कमधल्या (इन्शुरन्सशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या), प्लॅनमध्ये बसणाऱ्या उपचारांवर वर्षभरात यापेक्षा जास्त आपल्या खिशातून जाणार नाही. आता जानेवारीतल्या एका रात्री लेकीला दम लागला, इमर्जन्सीत नेलं, नेब्युलायझर दिला, एक्स-रे काढला, चार तास बघून घरी सोडलं. हॉस्पिटलने लावलेला आकडा ५,४००. तो बघून पोटात गोळा येतो, पण तो खरा आकडा नाहीच, इन्शुरन्स कंपनीचा हॉस्पिटलशी आधी ठरलेला दर असतो, समजा २,३००. त्यातले पहिले १,५०० लेकीचं डिडक्टिबल म्हणून तुमचे, उरलेल्या ८०० चे २० टक्के म्हणजे १६०. एकूण १,६६० डॉलर. इन्शुरन्स असताना. कुणी फसवलं नाही, कुठे चूक नाही, प्लॅन असाच लिहिलेला होता.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की हप्ता कमी की जास्त एवढंच बघू नका, सगळ्यात वाईट वर्षाचा आकडा काढा. बारा महिन्यांचा हप्ता अधिक आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम. वरच्या उदाहरणात ५,४०० अधिक ९,०००, म्हणजे १४,४०० डॉलर. दरवर्षी एवढे जातील असं अजिबात नाही, बहुतेक वर्षं त्याच्या आसपासही जात नाहीत, पण घरात एक ऑपरेशन किंवा एक मोठं आजारपण निघालं तर आपण कुठवर जाऊ हे आधी माहीत असलं पाहिजे. कायद्याने या मॅक्सिममला वरची मर्यादा आहे, २०२६ साठी एका माणसाला १०,६०० आणि कुटुंबाला २१,२०० डॉलर, कंपनीचा प्लॅन त्याच्या आत असतो. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर पहिल्या महिन्यात निदान घराच्या डिडक्टिबलएवढे पैसे बँकेत सुटे ठेवा, आणि पहिल्या वर्षभरात हळूहळू तो साठा मॅक्सिममपर्यंत न्या. गाडीचं डाउन पेमेंट, सोफा, टीव्ही सगळं त्याच्यानंतर. पहिल्या दोन महिन्यांत घराचं डिपॉझिट, गाडी, फर्निचर यात सगळी रोकड संपते आणि नेमकं तेव्हाच मूल आजारी पडतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की हे मुद्दाम लिहितेय.

तुमच्या तारखांमुळे अजून एक गोष्ट होते. बहुतेक प्लॅनचं डिडक्टिबल १ जानेवारीला परत शून्यापासून सुरू होतं. तुम्ही डिसेंबरात पोचणार, म्हणजे डिसेंबरात जे खर्च कराल ते तीन आठवड्यांत पुसलं जाणार. त्यामुळे थांबण्यासारखं जे आहे, चेकअप, चष्मा, एखादी जुनी तक्रार, ते डिसेंबरात उघडू नका, जानेवारीत करा, म्हणजे भरलेले पैसे पुढच्या अकरा महिन्यांच्या कामी येतील. दम लागला तर अर्थातच तारीख बघायची नाही, सरळ न्यायचं.

आता नवऱ्याने निघायच्या आधी एचआरला मेल टाकायची. एसबीसी म्हणून एक कागद असतो, समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज, प्रत्येक प्लॅनचा एका ठरावीक नमुन्यात द्यावाच लागतो. तो मागवा, जेवढे प्लॅन असतील तेवढे मागवा. आणि मेलमध्ये हे विचारा: कव्हर पहिल्या दिवसापासून आहे की नंतर, कारण कंपनी नव्वद दिवसांपर्यंत थांबवू शकते आणि तसं असेल तर मधल्या दिवसांसाठी वेगळी ट्रॅव्हल पॉलिसी घ्यावी लागेल. बायको-मूल दोन महिन्यांनी येणार, त्यांचं नाव कधी आणि कसं घालायचं. कंपनी एचएसए खात्यात, म्हणजे दवाखान्याच्या खर्चासाठीच्या बचत खात्यात, पैसे टाकते का.

नाव घालायचं प्रकरण हलकं घेऊ नका. जॉइन झाल्यावर साधारण तीस दिवसांत प्लॅन निवडायचा असतो, तो चुकला की पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत (वर्षातून एकदा प्लॅन निवडायची मुदत), म्हणजे सहसा पुढच्या वर्षापर्यंत, काही करता येत नाही. घरचे मागून आले तर बहुतेक कंपन्या अमेरिकेत उतरल्याच्या तारखेपासून परत तीस दिवस देतात, पण ते मागावे लागतात आणि पासपोर्टवरचा शिक्का किंवा आय-९४, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीचा कागद, जोडावा लागतो. माझ्याकडे एक फाइल आली होती, बायको येऊन पाच आठवडे झाले होते, नवरा म्हणत होता की जेट लॅग, घर बदलणं, मुलाची शाळा यात राहून गेलं. सहाव्या आठवड्यात अपेंडिक्स. त्या माणसाचा आवाज मला अजून आठवतो. बाळ झालं तरी तोच नियम, तीस दिवसांत नाव घालायचं, हॉस्पिटल आपोआप घालत नाही.

प्लॅन कोणता घ्यायचा यावर ऑफिसातले दहा जण दहा सल्ले देतील. तरुण, एकटी, तब्येतीने धडधाकट माणसं हाय डिडक्टिबलवाला घेतात, हप्ता कमी असतो आणि सोबत एचएसए खातं उघडता येतं. एचएसए चांगली गोष्ट आहे, २०२६ साठी कुटुंबाला ८,७५० डॉलरपर्यंत टॅक्स न भरता त्यात टाकता येतात, वर्ष संपलं तरी पैसे बुडत नाहीत, नोकरी बदलली तरी खातं तुमचंच. पण पासष्टीच्या आधी औषधपाण्याशिवाय दुसऱ्या कशाला काढले तर टॅक्स आणि वर २० टक्के दंड. तुमच्या घरात दम्याचं मूल आहे आणि पहिलंच वर्ष आहे, त्यामुळे हप्त्यात फार फरक नसेल तर मी कोपेवाला पीपीओ प्लॅन घेईन, कोपे म्हणजे डॉक्टरकडे गेलं की ठरलेले तीस-चाळीस डॉलर द्यायचे आणि मोकळं व्हायचं. नाही तर होतं काय की डिडक्टिबल लांब आहे म्हणून आईबाप डॉक्टरकडे न्यायला चार दिवस टाळतात, आणि दम्यात चार दिवस फार असतात. हाय डिडक्टिबल घ्यावाच लागला तर एक विचारा, रोजचा स्टिरॉइडचा पंप प्रिव्हेंटिव्ह यादीत आहे का. २०१९ पासून दम्याचे असे पंप डिडक्टिबलच्या आधी कव्हर करायला परवानगी आहे, काही कंपन्या करतात, काही करत नाहीत.

मग प्रश्न येतो की रात्री-अपरात्री कुठल्या दारात जायचं. यात टेक्सासची एक खास गोष्ट आहे जी मला प्रत्येक नव्या घराला सांगावीशी वाटते. आपल्या इथल्या शॉपिंग सेंटरमध्ये, इंडियन ग्रोसरीच्या बाजूला, नेलपेंटच्या दुकानाला लागून, छान काचेची इमारत असते, आत सोफे, कॉफीचं मशीन, अजिबात गर्दी नाही. बाहेर लाल अक्षरात इमर्जन्सी लिहिलेलं. माणसाला वाटतं छोटा दवाखाना आहे, पटकन दाखवून येऊ. ती फ्रीस्टँडिंग ईआर, म्हणजे स्वतंत्र इमर्जन्सी रूम असते, हॉस्पिटलला न जोडलेली पण दर पूर्ण इमर्जन्सीचे. टेक्सासने २००९ साली अशा सेंटरना लायसन द्यायचा कायदा केला आणि तेव्हापासून ती खूप वाढली. त्याच रांगेत दोन दुकानं सोडून अर्जंट केअर असतं, तेही तसंच दिसतं. ताप, कान दुखणं, हात मुरगळणं, टाके यासाठी अर्जंट केअर, साधारण डॉक्टरच्या व्हिजिटच्या वरचा खर्च. बोर्डवर इमर्जन्सी हा शब्द आहे की अर्जंट, एवढं दारातच उभं राहून वाचा, एका शब्दाने हजार डॉलरचा फरक पडतो. घर घेतलं की पहिल्या शनिवारी गाडीने फिरून जवळचं नेटवर्कमधलं अर्जंट केअर आणि खरं मोठं हॉस्पिटल, शक्यतो मुलांचं, दोन्ही बघून फोनमध्ये लोकेशन सेव्ह करून ठेवा.

मात्र लेकीच्या बरगड्या आत ओढल्या जातायत, बोलताना वाक्य तुटतंय, ओठ निळसर दिसतायत असं असेल तर यातलं काहीही आठवू नका, ९११ लावा. १९८६ पासून कायदा आहे, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला पैसे-इन्शुरन्स न विचारता आधी तपासून स्थिर करावंच लागतं. बिलाचं नंतर बघता येतं, आणि ते कसं बघायचं ते खाली लिहितेच.

नेटवर्क म्हणजे तुमच्या इन्शुरन्सशी करार असलेले डॉक्टर. फोन करताना "तुम्ही अमुक इन्शुरन्स घेता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "माझ्या या प्लॅनसाठी तुम्ही इन-नेटवर्क आहात का" असं कार्डावरचं प्लॅनचं नाव वाचून विचारा. डॉक्टर नेटवर्कात आणि त्यांनी रक्त पाठवलेली लॅब बाहेरची, हेही होतं, म्हणून नमुना देतानाच सांगायचं की माझ्या नेटवर्कातल्या लॅबला पाठवा. १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्राइजेस ॲक्ट आलाय, इमर्जन्सीत किंवा नेटवर्कातल्या हॉस्पिटलात तुम्ही न निवडलेला बाहेरचा भूलतज्ज्ञ वगैरे आला तरी तुम्हाला नेटवर्कातल्या हिशोबानेच पैसे द्यायचे. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र त्या कायद्यात नाही.

वर्षातून एकदाचं फिजिकल, म्हणजे पूर्ण तपासणी, आणि मुलांच्या वेल व्हिजिट (आजारी नसतानाच्या नेहमीच्या तपासण्या), लसी फुकट असतात, त्या घ्याच. पण तिथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. फुकटच्या तपासणीत जाता जाता "डॉक्टर, गुडघाही दुखतो हो हल्ली" म्हटलं आणि डॉक्टरांनी तो बघून औषध लिहिलं, की कोडिंगमध्ये त्याच दिवसाची दुसरी व्हिजिट लागते, ९९२१३ किंवा ९९२१४, आणि तिचं बिल येतं. डॉक्टर चुकीचं करत नसतात, दोन वेगळी कामं झाली म्हणून दोन कोड. मी स्वतः असे हजारो कोड लावलेत. गुडघा दाखवायचाच असेल तर दाखवा, फक्त बिल येईल हे माहीत असू द्या.

आता बिल. आधी इन्शुरन्सकडून ईओबी येतं, एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स, म्हणजे क्लेमच्या हिशोबाचा कागद, त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे बिल नाही. ते बघून पैसे भरू नका. त्यात चार आकडे असतात, हॉस्पिटलने किती लावले, ठरलेला दर किती, कंपनीने किती दिले, तुमच्याकडे किती. मग दोन-चार आठवड्यांनी हॉस्पिटलचं बिल येतं, आणि एका इमर्जन्सीची तीन-चार बिलं येतात हेही लक्षात ठेवा, हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं. प्रत्येक बिल ईओबीच्या शेवटच्या आकड्याशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर भरू नका, फोन करा. जुळलं पण फार वाटलं तरी फोन करा आणि आयटमाइज्ड बिल मागा, म्हणजे प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिलेलं, कोडसकट. इमर्जन्सीच्या व्हिजिटला पाच पातळ्या असतात, ९९२८१ पासून ९९२८५ पर्यंत, आणि साध्या कानदुखीला वरची पातळी लागलेली दिसली तर कोडिंग रिव्ह्यू मागायचा तुम्हाला हक्क आहे. रिव्ह्यूत प्रत्येक वेळी कमी होत नाही. पण एकच औषध दोनदा लागलेलं, डिस्चार्जनंतरच्या दिवसाचा चार्ज, जुन्या इन्शुरन्सला गेलेला क्लेम, हे असलं दर आठवड्याला माझ्या टेबलावर सापडतं आणि पेशंटने विचारलं म्हणूनच सापडतं.

फोनवर ओरडू नका, समोरची बाई पगारी नोकर असते, पण तारीख, तिचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या. खरंच पैसे नसतील तर दोन गोष्टी मागा. एक, फायनान्शियल असिस्टन्सचा फॉर्म, धर्मादाय प्रकारात नोंदलेल्या हॉस्पिटलना अशी योजना ठेवावीच लागते, आणि व्हिसावर आहोत म्हणून आपल्याला नाही असं आधीच धरून बसू नका, अट वाचा. दुसरं, बिनव्याजी हप्ते. बहुतेक हॉस्पिटलं देतात. क्रेडिट कार्डावर बिल टाकून मोकळं होणारी माणसं बघून मला फार वाईट वाटतं, बिनव्याजी देणं त्यांनी स्वतःच व्याजाचं करून घेतलेलं असतं. क्रेडिट स्कोअरची भीती असते म्हणून करतात, पण २०२३ पासून तिन्ही क्रेडिट कंपन्या ५०० डॉलरखालचं दवाखान्याचं देणं रिपोर्टवर दाखवत नाहीत, आणि त्यावरचंही एक वर्ष होईपर्यंत दाखवत नाहीत. भांडायला वेळ असतो.

पुण्यातून करायच्या कामांत पहिलं लेकीच्या लसींचं कार्ड, कारण ती ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल, इथे १ सप्टेंबरला पाच पूर्ण लागतात, त्याआधी डेकेअर आणि प्री-केलाही (किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग) कागद मागतात. आपल्या मुलांच्या सगळ्या लसी झालेल्या असतात पण इथल्या हिशोबात बसत नाहीत. नवव्या महिन्याची एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) किंवा एमआर (गोवर, रुबेला) इथे मोजत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचे एमएमआरचे दोन डोस लागतात, आणि एमआरमध्ये गालगुंड नसतं. पोलिओचे थेंब, पल्स पोलिओचे कितीही घेतलेले असोत, एप्रिल २०१६ नंतरचे धरत नाहीत, फक्त इंजेक्शनवाला पोलिओ. कांजिण्यांचे दोन आणि टेक्सासमध्ये हेपटायटिस एचे दोन. आपल्याकडे हेपटायटिस एची एका डोसची लसही देतात, त्यावरून शाळेत प्रश्न निघतो. म्हणून तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे बसून हे सगळं जुळवा, राहिलेलं तिथेच द्या, आणि लेटरहेडवर टाइप करून सही-शिक्क्यासह घ्या. तारखा लिहिताना महिना अक्षरात. ०५/०७ म्हणजे आपली ५ जुलै आणि इथल्या नर्सची ७ मे. पहिल्या वाढदिवसाच्या अलीकडची की पलीकडची यावर डोस मोजायचा असतो तिथे या दोन महिन्यांमुळे मुलाला परत सुई टोचलेली मी बघितलीय.

तुम्हाला नोकरीत किंवा डेकेअरमध्ये टीबीची टेस्ट मागितली तर लहानपणीच्या बीसीजी लसीमुळे हातावरची टेस्ट फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे, गोळ्या, सगळं मागे लागतं. रक्ताची टेस्ट मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

दात निघायच्या आधी करून या. अर्धवट रूट कॅनाल, हलणारी कॅप, अक्कलदाढ, सगळं. इथे दातांचा इन्शुरन्स वेगळा असतो आणि वर्षाला हजार-दीड हजार डॉलरला संपतो, एक रूट कॅनाल आणि कॅप त्यात बसत नाही. चष्मे प्रत्येकी दोन आणि नंबरच्या कागदावर डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर लिहून घ्या, पुढे ऑनलाइन चष्मा करायला उपयोगी पडतं.

लेकीचे पंप, स्पेसर हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात नाही. आणि औषधांची कंपनीची नावं इथे कुणाला कळणार नाहीत, मूळ नावं लिहून आणा. त्यातही अस्थालिन म्हणजे सॅल्ब्युटामॉल, त्याला इथे अल्ब्युटेरॉल म्हणतात, क्रोसिनचं पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन, औषध तेच. जुन्या डिस्चार्ज समऱ्या स्कॅन करून ठेवा.

सासूबाईंचं जरा नीट ऐका. त्या तुमच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये येणार नाहीत, आईवडील डिपेंडंट धरत नाहीत. व्हिजिटर इन्शुरन्स घ्यायचा, आणि त्यात दोन जाती. फिक्स्ड बेनिफिट स्वस्त असतो, दर गोष्टीला ठरावीक रक्कम देतो आणि खरं बिल त्याच्या कितीतरी वर जातं. कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या, डिडक्टिबलनंतर टक्केवारीने देणारा. जुने आजार दोन्हीत कव्हर नसतात, अक्युट ऑनसेट म्हणून एक कलम असतं, जुन्या आजाराचा अचानक झटका आला तर मर्यादित मदत, पण वयाची अट आणि रकमेची मर्यादा दोन्ही वाचा. शुगरची रुटीन तपासणी त्यात कधीच येत नाही, त्यामुळे एचबीएवनसी, ईसीजी, डोळे, किडनी सगळं निघायच्या महिन्यात तिकडेच.

औषधं स्वतःपुरती साधारण नव्वद दिवसांची आणता येतात, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह. त्या चार महिने राहणार, तर चौथ्या महिन्याचं काय हे आत्ताच ठरवा. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, थायरॉइडची गोळी इथेही मिळते, डॉक्टरच्या एका व्हिजिटनंतर मोठ्या फार्मसीत जेनेरिक फार महाग नाही. पण व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड, व्होग्लिबोज, बीपीची सिल्निडिपिन, सांधेदुखीची एटोरिकॉक्सिब ही आपल्याकडे सर्रास चालणारी औषधं अमेरिकेत मंजूरच नाहीत, इथला डॉक्टर लिहूनच देऊ शकत नाही. यातलं काही त्यांच्या चिठ्ठीत असेल तर निघायच्या तीन महिने आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, म्हणजे बदल करायचा झाला तर शुगर बसायला वेळ मिळेल. स्वतः बदलू नका.

आणि पुण्यातला मेडिक्लेम बंद करू नका, तुमचाही आणि त्यांचा तर नाहीच. परत यावं लागलं तर नवीन पॉलिसीत जुन्या आजारांची थांबायची मुदत पुन्हा पहिल्यापासून. २०२४ पासून ती जास्तीत जास्त तीन वर्षांची केलीय, पण तीन वर्षंही थोडी नसतात. इथली नोकरी गेली तर कोब्रा म्हणून सोय असते, तोच इन्शुरन्स सहसा अठरा महिने चालू ठेवता येतो पण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर दोन टक्के. घ्यायचा की नाही ते ठरवायला साठ दिवस मिळतात आणि घेतला तर मागच्या तारखेपासून लागू होतो. तुम्हालाही देश सोडायला साठच दिवस असतात, त्यामुळे कागद फेकून देऊ नका, त्या दिवसांत काही झालं तर घेता येतो.

सासूबाईंसाठी अजून एक. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलना, म्हणजे जवळपास सगळ्याच, पेशंटच्या भाषेत दुभाषा फुकट द्यावा लागतो, मराठीतसुद्धा, फोनवर किंवा स्क्रीनवर. माझी आई आली होती तेव्हा मी कामावर होते, भाच्याने तिला इमर्जन्सीत नेलं. ती म्हणत होती "जीव घाबरा होतोय." इथेच वाढलेल्या पोराने सांगितलं की आजी घाबरलीय. तिथले लोक तासभर तिला शांत करत बसले. मी पोचल्यावर सांगितलं की छातीत अस्वस्थ होतंय असा अर्थ आहे त्याचा, तेव्हा ईसीजी काढला. सुदैवाने हृदय ठीक निघालं. म्हणून सासूबाईंच्या पर्समध्ये एक कार्ड ठेवा, त्यावर इंग्रजीत आजार, औषधांची मूळ नावं, ॲलर्जी, तुमचा नंबर, इन्शुरन्सचा नंबर, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात एक ओळ, की मी मराठी बोलते, मला दुभाषा द्या.